आधी सांग, मग शिव

२४ मार्च २०२०

गाड्या बंद! सगळ्या. डेपोत एकीमागे एक लावून ठेवल्या आणि आम्हाला म्हणाले, घरी जा, कळवू. तिकिटाचं मशीन जमा केलं. आठ वर्षं कंडक्टरकी केली, पण अंगात खाकी आणि जायचं कुठेच नाही, असा दिवस पहिलाच.

आता रोहिणखेड. आई खूश, पोरगा एकदाचा घरात सापडला! बाबा दारात खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करतायत. महामायावहिनी गावची आशा सेविका आहे. ती सकाळपासून घरोघर फिरतेय — पुण्या-मुंबईहून कोण आलं, कोणाला खोकला. दादा वाळूजला कंपनीत, तिकडेच अडकला. म्हणजे सगळ्यांना काही ना काही लागलेलं आहे. मलाच काही नाही. म्हणून हे लिहिणं.

संध्याकाळी मतीनची एक घंटी आली. मीपण एकच दिली.

२६ मार्च

घंटीचं लिहून ठेवतो, नाहीतर म्हातारपणी वाचताना मलाच कळायचं नाही. एसटीत एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. मतीनने ती फोनला लावली. एक मिस्ड कॉल — थांब, आजूबाजूला माणसं आहेत. दोन — मोकळा आहे, बोल. किंवा ये. भाषा माझ्या खात्याची, डोकं त्याचं.

तीन दिवस नुसती एक-एक घंटी चाललीय. त्याच्या घरात अब्बा, अम्मी, बहीण आसमा, तिची पोरं. माझ्या घरात हे सगळे. आख्ख्या देशाला सांगितलं घरात बसा, पण आमच्यासारख्यांचं घर कुठे असतं ते कोणी विचारलं नाही. आमचं घर म्हणजे त्याचं टेलरिंगचं दुकान. नांदुऱ्याला स्टँडमागच्या गल्लीत, शटर अर्धं खाली, परतीची गाडी लागेपर्यंतचा वेळ. तेवढंच.

३० मार्च

झोप नाही. दिवसभर काही केलंच नाही तर झोप कुठून येणार?

आज पहिला दिवस आठवत पडलो. खाकी पँट कमरेत ढिली झाली म्हणून त्याच्याकडे गेलो होतो. त्याने टेप कमरेला लावला आणि माझा श्वास अडकला. मापात त्याने ते लिहिलं नाही, पण लक्षात ठेवलं, लबाड! चार वर्षं झाली.

दुकानात त्याने पाटी लावलीय — "आधी सांगा, मग शिवू. नंतर तक्रार चालणार नाही." बायका ब्लाउजचा गळा शिवून झाल्यावर बदलायला सांगतात म्हणून. आमच्या दोघांसाठी त्याने तीच पाटी वापरली, फक्त शिवण्याचा दुसरा अर्थ घेऊन. बाहेर कुठे पाय घसरला तर आधी सांगायचं, तपासून घ्यायचं, मगच एकमेकांना हात लावायचा. "एचआयव्ही काय शिलाई हाय का बे, चुकली तं उसवली?" असं म्हणतो. बोलायला पक्का.

म्हणून दर तीन महिन्यांनी अकोला. बुलडाण्यात नको, तिथे दवाखान्यात माझा मावसभाऊ कामाला आहे. नांदुऱ्याहून पॅसेंजर पकडायची, अकोल्याला काउन्सेलर मॅडमकडे बसायचं, रक्त द्यायचं, येताना शेगावच्या फलाटावर कचोरी खायची. मॅडम खाकी पाकिटात निरोध भरून देतात. ते पाकीट त्याच्या दुकानात, बटणांच्या डब्याखाली. आम्हाला दोघांत लागत नाहीत, रिपोर्ट साफ असतात. ते मोहासाठी ठेवलेले, असं तो म्हणतो. होळी झाल्यावर गेलो होतो तेव्हाही दोघे साफ. कचोरी तिखट होती. तेच शेवटचं भेटणं.

९ एप्रिल

दोन घंट्या! गच्चीवर जाऊन फोन केला त्याने. मास्क शिवतोय. इथेही माणसांचं बघा — मास्क हातात घेतात आणि विचारतात कोणी शिवलाय. नाव ऐकून दोघांनी परत ठेवले. तो हसून सांगत होता. मला हसू आलं नाही.

"तू काय करून राह्यला?" म्हणाला.

म्हटलं काही नाही, भिंती बघतोय.

"मी तुही खाकी काढून ठेवली हाय. तूह्या मापानं आणखी एक पँट कापतो. हाताले काम पाह्यजे."

मग आसमाचं पोरगं गच्चीवर आलं आणि फोन कटला.

१४ एप्रिल

जयंती घरातच. विहाराला कुलूप. बाबांनी फोटोला हार घातला, मेणबत्ती लावली. दरवर्षी या दिवशी मी बुलडाण्याच्या मिरवणुकीत घसा बसेपर्यंत ओरडतो. आज वंदना म्हणतानाही आवाज खाली.

बाहेर लांब-लांब उभे राहून बोलणारे लोक बघून बाबा म्हणाले, "माह्या आज्याले गाव शिवत नव्हतं. आता गावच गावाले शिवत नाही. घ्या!" आणि किती तरी वेळ स्वतःशीच हसत बसले.

२१ एप्रिल

आमच्यासारख्या सात-आठ जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. 'जय जवान भजनी मंडळ' असं नाव, कोणी फोन बघितला तर बघू दे. नेहमी चावटपणा चालतो. कोणी लिहिलं, सरकारने सगळ्यांना ब्रह्मचारी केलं. एकाने लिहिलं, मी तर व्हिडिओवरच संसार मांडलाय.

पण त्यात लोणारकडच्या बीबी गावचे सर आहेत, शाळेत शिकवतात. त्यांनी मला एकट्याला मेसेज केला. त्यांना सहा वर्षांपासून एचआयव्ही आहे, रोजची गोळी चालते. गोळ्या संपत आल्या आणि गाडी नाही. पोलिसांना काय सांगायचं, कसला दवाखाना, कसली गोळी? मी अकोल्याच्या मॅडमना फोन लावला. मॅडमची ड्यूटी कोरोनाला लावलीय, तरी त्यांनी खटपट केली आणि गोळ्या रुग्णवाहिकेतून लोणारपर्यंत पोचल्या. सरांचा फोन आला तेव्हा ते रडत होते. म्हणाले, रोगाची भीती कधीच गेली हो, गोळी रोज घेतली की तो दबून राहतो, दुसऱ्याला लागतही नाही. भीती गोळी चुकायची.

एवढं एक काम झालं महिन्यात. बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी परत तीच भिंत.

४ मे

आईने एक स्थळ काढलंय. मुलगी डी.एड. मी म्हटलं, लॉकडाऊनमध्ये लग्न? तर म्हणे, "पन्नास माणसात होते. खर्च बी वाचते." कोरोनाने आईची सोय केली!

११ मे

आमच्यासारखे पुरुष एकमेकांना शोधतात ते ॲप मी काढून टाकलं होतं. आज परत घातलं. नुसतं बघायला. मार्चमध्ये त्यावर सगळ्यात जवळचा माणूस अडतीस किलोमीटरवर होता. आज एक दिसला — दोन किलोमीटर! चेहरा नाही, नुसता चुलीचा फोटो. दोन किलोमीटर म्हणजे आमची शाळा. शाळेत पुण्या-सुरतेहून आलेले लोक ठेवलेत, वहिनी रोज त्यांचा ताप मोजायला जाते.

काही लिहिलं नाही. बंद केलं.

१२ मे

लिहिलं.

१६ मे

राजकुमार नाव. गावच्या पलीकडच्या वस्तीतला, पुण्यात हॉटेलात स्वयंपाकी. हॉटेल बंद झालं, मालकाने खोली सोडायला लावली, निम्मी वाट ट्रकने आणि निम्मी पायी आला. चांगलं बोलतो. वर्गातल्या फळ्यावर त्याने मेन्यू लिहिलाय, पनीर टिक्का, दाल तडका, आणि खाली बसलेले लोक वरणभात खाताना ते वाचतात.

रमजान चालू आहे. मतीन दिवसभर झोपतो आणि पहाटे जागा असतो, घरभर माणसं. घंटी एकच. मी मतीनला राजकुमारचं सांगायचं ठरवलं होतं. मग म्हटलं, काय सांगू? काही झालेलंच नाही.

२४ मे

बावीस तारखेपासून जिल्ह्यातल्या जिल्ह्यात गाड्या सुरू. माझा नंबर अजून लागलेला नाही. राजकुमार शाळेतून सुटला. उद्या ईद. मतीनने दोन घंट्या दिल्या, मी फोन केला, तर मागून पोरांचा कल्ला. "ईदले तुले शिरखुर्मा नाही, नवीन पँट नाही, कायची ईद बे," म्हणाला. मी नुसतं हूं केलं. माझ्या मनात दुसरंच काही चाललं होतं आणि त्याला ते कळू नये म्हणून मी जास्तच गोड बोललो. स्वतःचाच राग येतोय.

२६ मे

मेडिकलवर गेलो. ठरवून गेलो. दुकानवाला विहाराच्या कमिटीत आहे. "शंकररावचा पोरगा ना तू? बोल." मागे दोन माणसं. मी म्हणालो — बाम द्या. बाम घेऊन घरी आलो. बाबा खूश, त्यांचा गुडघा दुखतच होता.

घरात वहिनीची पत्र्याची पेटी आहे. लोहाच्या गोळ्या, ओआरएस आणि निरोधाचे बॉक्स, सरकारी, फुकट. गावातल्या नवऱ्यांसाठी. गावातल्या बिनलग्नाच्या दिराने वहिनीकडे काय म्हणून मागायचं? दूध चालू, किराणा चालू, दारूचीसुद्धा दुकानं उघडली. निरोध कुठल्या अत्यावश्यकात?

२७ मे

झालं.

विहिरीवरच्या मोटरच्या खोलीत. खिशात काही नव्हतं, त्याच्याकडेही नव्हतं. दोघांनाही माहीत होतं आणि दोघांनीही विचारलं नाही. दोन महिन्यांत मला माणसाचा हात लागला नव्हता — आईनेसुद्धा लांबूनच ताट सरकवलं होतं पहिले काही दिवस. एवढंच कारण. दुसरं काही नाही. तो वाईट माणूस नाही. मीही नसेन.

२८ मे

गाढव!

२ जून

वहिनीच्या पेटीतून एक पट्टी उचलली. वरातीमागून घोडं! ठेवून दिली उशीच्या अभ्र्यात. कशाला उचलली तेही कळत नाही. राजकुमार बोलावतोय, मी गेलो नाही.

५ जून

वहिनीने अंगणात कपडे वाळत घालता घालता म्हटलं, माझ्याकडे न बघता —

"भाऊजी, पेटीतलं पाह्यजे असंन तं सांगत जा. मले महिन्याले वर आकडा द्या लागते."

माझे कान तापले. मी काहीतरी बडबडलो. ती म्हणाली, "कोन हाय पोरगी? चांगली असंन तं आईंसंगं मी बोलतो." मी म्हटलं, कोणी नाही. ती हसली. तिला वाटलं मी लाजलो.

६ जून

अकोल्याच्या मॅडमना फोन केला. ग्रुपमधल्या एकाचं विचारतोय असं सांगितलं. मॅडम हुशार, कोणाचं ते विचारलं नाही. म्हणाल्या, तीन दिवसांच्या आत आला असता तर लागण टाळायचं औषध सुरू करता आलं असतं. आता तपासून घ्यायचं आणि खात्रीसाठी तीन महिने झाल्यावर पुन्हा. अकोल्याला यायला पास लागेल. जवळच्या आरोग्य केंद्रातही तपासणी होते.

तीन दिवसांच्या आत! मला हे माहीत होतं. त्यांच्याच टेबलवर पोस्टर आहे, चार वर्षं समोर बसून वाचलंय. पण त्या तीन दिवसांत मी काय केलं तर स्वतःला शिव्या दिल्या. आणि जवळचं आरोग्य केंद्र म्हणजे वहिनीचं.

१५ जून

ड्यूटी लागली. बुलडाणा–नांदुरा. सीटवर एक सोडून एक माणूस, तोंडावर फडकं. गाडी मोताळ्याच्या पुढे निघाली आणि मला इतका आनंद झाला की मी उगाच घंटी वाजवली. ड्रायव्हर जाकीरभाई मागे वळून बघायला लागले. ते नांदुऱ्याचेच, मतीनच्या गल्लीतले.

नांदुऱ्याला उतरलो. दुकानाचं शटर अर्धं. फोन वाजला — एक, बंद, पुन्हा एक. दोन घंट्या!

स्टँडवर पन्नास पावलांवर मी उभा. आधी सांग, मग शिव. सांगायला तोंड उघडेना, आणि न सांगता आत जायची हिंमत नव्हती. मी एक घंटी दिली आणि परत गाडीत जाऊन बसलो.

१६ जून

त्याने विचारलं, काऊन आला नाही? मेसेज केला — कोरोना आहे, तुझे अब्बा म्हातारे, मी दिवसभर माणसांत. जरा थांबू. त्याने लिहिलं, हाव, बराबर हाय.

कोरोना किती कामाचा आहे! काहीही त्याच्याखाली झाकता येतं.

२९ जून

पुन्हा दोन घंट्या. पुन्हा मी एक.

८ जुलै

आज दोनदा दोन. त्याने असं कधी केलं नव्हतं. मी गाडीत तिकिटं काढत होतो, मशीनवर चुकीचा थांबा दाबला, बाईने भांडण काढलं. एक घंटी दिली आणि फोन बंद करून टाकला.

एवढी ओढ आहे त्याला माझी. आणि मी हा असा. रक्तात काही असेल तर? ते त्याला देण्यापेक्षा त्याने मला शिव्या दिलेल्या परवडल्या. प्रेम आहे म्हणूनच जात नाही, असं मी रोज स्वतःला सांगतो. निम्मं खरं आहे. निम्मी नुसती फाटते.

१७ जुलै

घंटी नाही. आठवडाभर नाही.

२४ जुलै

जाकीरभाईंनी चहा पिता पिता हळूच सांगितलं, "कोनाले बोलू नको. आपला मतीन टेलर पॉझिटिव्ह निंघाला. घरच्यांनी वरच्या खोलीत ठेवला हाय. सरकारले कळलं तं गल्ली सील करतीन, म्हून दाबून ठेवलं."

कोरोना! त्याला! लहानपणी दमा होता त्याला. गाडी सुटायची होती, मी कोपऱ्यात जाऊन दोन घंट्या दिल्या. उत्तर — एक. पुन्हा दोन. पुन्हा एक.

बरोबरच आहे. महिनाभर मी हेच केलं.

२५ जुलै

मेसेज केला: श्वास कसा आहे? तो: चांगला. मी: ऑक्सिजन मोजला? तो: हाव. मी: चव येते? बऱ्याच वेळाने: चव गेली यार सगळ्याची.

वहिनीला विचारलं, घरी ठेवलेल्या माणसाने काय काय घ्यायचं. तिने सगळं सांगितलं, कोणासाठी ते विचारलं नाही. मी मतीनला लिहून पाठवलं — वाफ, हळद-दूध, पालथं झोप. त्याने हात जोडलेलं चित्र पाठवलं.

६ ऑगस्ट

जाकीरभाई म्हणाले, तो बरा झाला, खाली आला, मशीनवर बसतो. जीवात जीव आला. पण घंटी नाहीच.

तो बरा आहे म्हटल्यावर माझी जुनी भीती परत डोकं वर काढून बसली. अंगावर एक पुरळ उठलंय, घामाचं असेल. दिवसातून चार वेळा बघतो. घसा दुखला की एक भीती, दुखायचा थांबला की दुसरी. आईने काल विचारलं, "तुले होऊन काय राह्यलं?" म्हटलं, गरम होतं.

२३ ऑगस्ट

गाड्या आता जिल्ह्याबाहेर जायला लागल्या. अकोल्याला जाता येईल. पण मॅडम अजून कोरोनाच्या वॉर्डात, आणि एकट्याने त्या बाकावर बसायची कल्पनाच करवेना. तिथे आम्ही दोघे बसायचो. मतीन नंबर येईपर्यंत समोरच्यांच्या कपड्यांच्या शिलाईतल्या चुका काढत बसायचा, याची बाही आखूड, त्याची कॉलर वाकडी.

तीन महिने भरत आलेत. आता कारण उरलं नाही.

२६ ऑगस्ट

वहिनीला सांगितलं. चुलीपाशी, आई बाहेर होती तेव्हा. म्हटलं, मला एचआयव्हीची तपासणी करायचीय, तुमच्या केंद्रात. तेवढंच बोलून मी भाकरीकडे बघत उभा राहिलो.

ती भाकरी उलटवत होती. उलटवली. मग म्हणाली, "पोरगी असती तं तुमी आतालोक नाव सांगतलं असतं."

मी चुलीत काटकी सरकवली.

"मी इचारत नाही. मले सांगाची गरज बी नाही. शनिवारी गरोदर बायांची तपासणी हाय, त्याहिची बी हेच टेस्ट होते. मागून या."

एवढंच! तीन महिने मी या बाईला भीत होतो.

२९ ऑगस्ट

आरोग्य केंद्रात सात पोटुशा बाया, त्यांच्या सासवा आणि मी. अंबूबाई म्हणून एक म्हातारी सुनेला घेऊन आली होती. तिने मला खालून वर बघितलं. "तुमची कोनती हो?"

काय सांगणार? वहिनी आतून म्हणाली, "ते माह्यासंगं आलेत, अंबूबाई." म्हातारीने वहिनीच्या पोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पदर तोंडाला लावला. आता गावात काय बोभाटा होईल देव जाणे. वहिनी हसून लोळायची बाकी होती.

बोट टोचलं. वाट बघायला बाहेर बसवलं. त्या वेळात मी मनाशी बोलून ठेवलं — असलं तरी बीबीच्या सरांसारखं जगता येतं. गोळी रोज. दुसऱ्याला लागत नाही. हे मला तोंडपाठ आहे, दुसऱ्यांना मीच सांगतो. पण तोंडपाठ असून दर मिनिटाला दाराकडे बघत होतो.

निगेटिव्ह.

बाहेर येऊन लिंबाखाली रडलो. वहिनी पाणी घेऊन आली. जाताना पिशवीत तिने एक बॉक्स टाकला, आख्खा. "आकडा मी पाहून घेईन," म्हणाली.

३१ ऑगस्ट

उद्या नांदुरा. दोन घंट्या दिल्या. किती तरी वेळाने त्याच्याही दोन आल्या!

सगळं सांगणार. राजकुमार, मोटरची खोली, बाम, सगळं. तो चिडेल. कात्री फेकून मारेल, मारू दे. आधी सांगेन, रिपोर्ट दाखवीन, मग बघू. अंघोळीच्या पाण्यात कडुनिंब टाकला. आई म्हणाली, स्थळ बघायला चाललास का?

१ सप्टेंबर

मतीनला कोरोना नव्हता. कधीच नव्हता. मे महिन्यात एकदा, मास्कचं कापड आणायला जायचा त्या गोदामावरच्या कोणाबरोबर तरी. जुलैत आपण होऊन खामगावला एचआयव्ही तपासायला गेला. फोनवर त्याच्या तोंडून 'पॉझिटिव्ह' निघालं, आसमाने ऐकलं, घराने कोरोना धरला. "तसंच राहू देलं. कोरोना सांगाले सोपा हाय बे." गोळ्या अजून सुरू केलेल्या नाहीत, अकोल्याला एकट्याने जाववेना. त्या सगळ्या दोन-दोन घंट्या ओढीच्या नव्हत्या. "तुले सांगाचं होतं. आधी सांगाचं, मंग शिवाचं. तू थांब थांब करत राह्यला."

खिशातला माझा रिपोर्ट मी काढलाच नाही. माझं सगळं सांगितलं. चूक दोघांची तीच, नशीब फक्त माझं. तो ऐकत होता आणि खुर्ची मागे सरकवत होता, पार भिंतीपर्यंत.

उद्या सकाळच्या गाडीने अकोला, दोन फुल.

दोघांचं सांगून झालं. मग मी उठलो आणि त्याला शिवलो.